पेंडीन ते सेनन कोव्ह (जवळजवळ) : साउथ वेस्ट कोस्ट पाथवरचा एक दिवस, बाबांबरोबर

गलबत

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणून वर्ष काढलं, आज मुहूर्त लागला. फोटो टाकता येत नाहीयेत, साइझचं काहीतरी म्हणतंय, त्यामुळे नुसतं वाचा.

मागच्या मेच्या शेवटी आईबाबा आमच्याकडे ब्रिस्टलला आले होते. बाबा ७१. गाव राजापूर तालुक्यात, समुद्राला लागून. पण उमेदीची वर्षं लालबागला गेली, गिरणीत, साचेखात्यात (मागांच्या खात्यात). ८२च्या संपानंतर गावी परत आले ते आलेच. तर त्यांना लंडन दाखवून झालं, राणीचा वाडा बाहेरून बघून झाला, आणि चौथ्या दिवशी म्हणाले इथे समुद्र नाही का रे कुठे, नुसत्या बिल्डिंगा काय बघायच्या. मी दोन वर्षांपासून साउथ वेस्ट कोस्ट पाथ तुकड्या तुकड्यात करतोय, म्हटलं चला मग, एक तुकडा तुमच्याबरोबर. आई नातवाजवळ राहिली. "तुम्ही दोघं जा वारा खायला, मी इथे हीटरजवळ बरी आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला जमिनीचं जे शेपूट समुद्रात घुसलंय ना, त्याला पूर्ण वळसा घालून ही पायवाट जाते. सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून डॉर्सेटमधल्या पूल हार्बरपर्यंत ६३० मैल, म्हणजे १०१४ किलोमीटर. सगळे चढ एकावर एक रचले तर ३५,००० मीटरच्या आसपास, जवळजवळ चार एव्हरेस्ट. ही काही टुरिस्टांसाठी आखलेली वाट नव्हे. १८२२ साली कोस्टगार्ड स्थापन झालं, त्यांचे शिपाई चोरटी दारू-तंबाखू उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला किनाऱ्याने पायी गस्त घालायचे, आणि प्रत्येक घळीत डोकावून बघितल्याशिवाय चोर कसा दिसणार? म्हणून वाट प्रत्येक घळीत उतरते आणि परत चढते. शॉर्टकट नाही. पहिल्या दिवशी त्या शिपायांना शिव्या घालाव्याशा वाटतात, नंतर कळतं की त्यांच्यामुळेच समुद्र कधी नजरेआड होत नाही.

मी निवडला होता पेंडीनचा दीपस्तंभ ते सेनन कोव्ह, साधारण १४-१५ किमी. कॉर्नवॉलचं अगदी टोक. सेंट जस्टला रात्री मुक्काम, सकाळी बसने पेंडीन गाव, तिथून दीड-दोन किमी खाली दीपस्तंभ. सकाळी साडेनऊला तिथे पोचलो तर दीपस्तंभच दिसेना! एवढं धुकं. पाऊस म्हणावा तर नाही, धुकं म्हणावं तर चष्मा ओला. बाबांनी पिशवीतून माकडटोपी काढली. मी म्हटलं बाबा मे महिना आहे. म्हणाले मे महिना तुझ्या कॅलेंडरात असेल.

पहिला अर्धा तास मी गप्प होतो, कारण मनात धाकधूक, गुडघे दुखतील, पाय घसरेल, आई मला घरात घेणार नाही. आणि बाबा पुढे. काठी नको म्हणाले. मग एका ओढ्यावर दगडांवरून जायचं होतं तिथे न बोलता हात मागे केला, मी काठी हातात दिली, ती संध्याकाळपर्यंत परत मिळाली नाही.

वाटेत सगळीकडे गोर्स फुललेली, पिवळीधमक काटेरी झुडपं. तिचा वास कोणी घेतलाय का? ओल्या नारळाचा! मी आधी ऐकून होतो पण बाबांना सांगितलं नव्हतं. ते थांबले, इकडे तिकडे बघितलं, म्हणाले कोणी वड्या केल्यायत इथे? साडेसात हजार किलोमीटरवर येऊन माणूस नारळाच्या वडीचा वास शोधतोय.

दीपस्तंभापासून थोड्या अंतरावर गीव्हर नावाची कथलाची खाण आहे, आता म्युझियम. माझा प्लॅन पंधरा मिनिटं, चहा-टॉयलेट आणि पुढे. तिथे आमचे अडीच तास गेले. दिवसाचा हिशोब तिथेच बिघडला. का गेले ते खाली लिहितो, मुलगा उठलाय.

कोकमसरबत

वा! पुढचा भाग लवकर येऊ दे. माकडटोपी वाचून माझे सासरे आठवले, ते एडिनबराला ऑगस्टमध्ये घालून फिरले होते, आणि बरोबर होते.

उनाड_मुशाफिर

एक शंका. ७१ वर्षांच्या माणसाला कड्यावरून नेणं हे जरा धाडसाचं नाही का? मी हा पट्टा केलाय, सेंट आयव्हज ते पेंडीनपर्यंतचा तुकडा तर बेक्कार आहे, दलदल काय, घोड्याएवढे दगड काय. कड्याला रेलिंग बिलिंग काही नाही.

गलबत

उनाड, बरोबर आहे, म्हणूनच तो तुकडा घेतला नाही. सेंट आयव्हज-झेनॉर-पेंडीन मी एकट्याने केलाय आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नव्हता. पेंडीनच्या पुढे वाट बरीच रुंद आहे, खाणींचे जुने गाडीरस्ते आहेत, आणि मुख्य म्हणजे दर दोन-तीन किमीवर वर गावाकडे जायला फाटा आहे. कुठेही सोडून देता येतं. ते बघूनच निवडलं.

हं, तर गीव्हर.

ही खाण १९९० साली बंद पडली. ऑक्टोबर १९८५मध्ये कथलाचा जागतिक भाव कोसळला आणि मग एकेक करत कॉर्नवॉलच्या खाणी मिटल्या. शेवटची साउथ क्रॉफ्टी १९९८ला. गीव्हरमध्ये यंत्रं, गिरण (हो, दगड दळायची ती पण गिरणच, बाबा खूश), हलणारी टेबलं ज्यांच्यावर पाणी सोडून जड कथील वेगळं करायचे, सगळं बघता येतं. बाबा यंत्रांपाशी रमले. पट्टे कुठून फिरतात, कप्पी कुठे, गार्ड का नाही लावलेला, मला काही कळत नव्हतं, नुसता हं हं करत होतो. जमिनीखाली व्हील मेक्सिको नावाच्या अठराव्या शतकातल्या जुन्या बोगद्यात नेतात, तिथे मात्र नाही म्हणाले. "वाकून जायचं असेल तर मी नाही येत. वाकून पुष्कळ झालं."

मग आम्ही 'ड्राय'मध्ये गेलो. ड्राय म्हणजे खाणकामगारांची कपडे बदलायची आणि आंघोळीची जागा. ओले कपडे वाळायचे म्हणून ड्राय. तिथे अजून लॉकर आहेत, बूट आहेत, मळके डगले लटकवलेत, लॉकरवर स्टिकर चिकटवलेत. पाळी संपली, माणसं घरी गेली आणि परत आली नाहीत, असं दिसतं.

बाबा तिथे उभे राहिले. मी पुढे गेलो, परत आलो, तिथेच उभे. मग म्हणाले, "माझी चड्डी-बनियन खात्यात खुंटीवर राहिली. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा वाटलं होतं पंधरा दिवसांत आत जाऊ. कोण नेणार घरी मळके कपडे."

मी ४२ वर्षांचा घोडा, हे मला माहीत नव्हतं. संपाचं सगळं माहीत होतं, डॉक्टर सामंत, अडीच लाख कामगार, चाळीतल्या बायकांनी मंगळसूत्र गहाण टाकली, हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. खुंटीवरच्या कपड्यांचं कधी कोणी बोललं नव्हतं.

तिथे एक गाईड होते, स्वतः त्याच खाणीत काम केलेले. मी सांगितलं माझे वडील कापडगिरणीत होते, त्यांचीही गिरणी अशीच बंद पडली. झालं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मी मध्ये दुभाषा, आणि पुढचा पाऊण तास प्रश्न काय तर पाळ्या किती तासांच्या होत्या, रात्रपाळीला जादा काय मिळायचं, बंद झाल्यावर काय केलंस. गाईड म्हणाले मी मासेमारीला गेलो. बाबा म्हणाले मी पण! (अर्धसत्य. एक सीझन गेले आणि सोडलं, कारण बोट लागते.) दोघं हसले, हात मिळवले. निघताना बाबांनी विचारलं, "याला विचार, हे लॉकर पुसतं कोण?" तो म्हणाला आम्हीच.

पुढे पंधरा-वीस मिनिटांवर लेव्हंट. ही खाण समुद्राखाली गेलेली, मैलभराहून जास्त आत. म्हणजे आपण कड्यावर उभे राहून लाटा बघतोय आणि त्या लाटांच्या खाली माणसं सुरुंग लावत होती. वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडताना ऐकू यायचे म्हणतात. १८४०चं वाफेचं इंजिन अजून तिथे आहे, दुरुस्त करून चालू केलंय. तिथे 'मॅन इंजिन' होतं. विहिरीत खोल सोडलेला एक लांबच लांब लाकडी दांडा, त्याला ठरावीक अंतरावर पाय ठेवायला फळ्या. दांडा बारा फूट वर जाणार, बारा फूट खाली येणार. वर जाताना फळीवर उभं राहायचं, दांडा थांबला की बाजूच्या ओट्यावर उतरायचं, तो खाली येऊन परत वर निघाला की पुढच्या फळीवर. असं करत करत शेकडो फूट. शिडीपेक्षा बरं. २० ऑक्टोबर १९१९ला पाळी सुटताना दांड्याचं वरचं लोखंडी सांधण तुटलं, माणसांनी भरलेला दांडा खाली गेला. ३१ मेले. पुढे ते इंजिन परत कधी बसवलं नाही आणि तळातले मजले सोडून दिले. बाबांनी पाटी मला पूर्ण वाचून दाखवायला लावली आणि एवढंच विचारलं, पाळी सुटताना ना?

शेवंती

गलबत, ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय. माझे मामा पण गिरणीत होते, परळला. मामी सांगायची की नंतर कित्येक दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.

घाटवाट

सुंदर चाललंय. थोडी माहिती. कॉर्निश भाषेत 'व्हील' म्हणजे कामाची जागा, खाण. चाकाशी संबंध नाही. म्हणून तिकडे निम्म्या खाणींची नावं व्हील अमुक, व्हील तमुक. 'पेन' म्हणजे टोक, 'पोर्थ' म्हणजे लहान बंदर किंवा घळ, 'ट्रे' म्हणजे वाडी. एवढ्या चार शब्दांवर अर्धा नकाशा वाचता येतो.

गलबत

@घाटवाट हे मी त्या दिवशी बाबांना सांगितलं होतं. म्हणाले मग व्हील म्हणजे खातंच की. साचेखातं, व्हील साचे.

चष्मेबद्दूर

लिहिलंय छान पण एक खटकलं. आपण ज्यांची गुलामी केली त्यांच्या खाणींचं एवढं कौतुक? कापडगिरण्यांचं म्हणाल तर आपल्या विणकरांना कोणी बुडवलं हे पण लिहा की.

बंगळुरी_बाबू

@चष्मेबद्दूर खाणीत उतरणारा माणूस आणि साम्राज्य चालवणारा माणूस वेगळा हो. आणि आपला या लोकांशी थेट संबंध आहे. कोलार गोल्ड फील्ड्स! १८८०च्या सुमारास जॉन टेलर अँड सन्सने तिथे काम सुरू केलं तेव्हा कॉर्नवॉलचे खाणकामगार आणले होते. कॉर्नवॉलमध्ये तांबं-कथलाचा धंदा बसायला लागला तशी ही माणसं जगभर पांगली, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका. यांना 'कझिन जॅक' म्हणायचे. अर्थात कोलारमध्ये साहेब वर आणि तमिळ-तेलुगू मजूर खाली, ते होतंच, ते मी नाकारत नाही. पण ती खाणही २००१ला बंदच झाली आणि तिथली वस्ती अजून तिथेच आहे.

सत्तरीतला_तरुण

वाद नको. कथील म्हटलं की मला कल्हईवाला आठवतो. दारात भाता लावायचा, भांडं लालसर तापलं की नवसागर टाकायचा, धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने भराभर पुसायचा आणि भांडं आरशासारखं. आमच्या नाकात तो नवसागराचा वास आजही आहे. ते कथील कुठून कोणी काढलं याचा ७० वर्षांत विचार केला नव्हता. बाकी गलबतराव, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. ७१ म्हणजे काही वय नाही!

गलबत

@सत्तरीतला_तरुण काका, नक्की सांगतो. कल्हईचं बाबाही बोलले होते, म्हणाले घरात आहे पातेलं अजून, कल्हईवाला नाही.

@चष्मेबद्दूर रागावलो नाही. लेव्हंटच्या वर जमिनीवर बायका आणि पोरं हातोड्याने दगड फोडायची, 'बाल मेडन' म्हणायचे त्या बायकांना, पांढरं फडकं डोक्याला बांधून. कौतुक त्यांचं आहे, मालकाचं नाही.

उरलेला दिवस लिहून टाकतो.

लेव्हंटहून निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि धुकं एकदम उठलं. एकदम म्हणजे कोणी चादर ओढल्यासारखं. खाली बोटॅलॅक. कड्याच्या पार पोटात, लाटांच्या तोंडाशी दोन दगडी इंजिनघरं. कॉर्नवॉलच्या निम्म्या पोस्टकार्डांवर हीच असतात. यातून समुद्राखाली तिरका बोगदा गेलाय आणि १८६५ साली वेल्सचा राजपुत्र आणि त्याची बायको त्यात ट्रॉलीत बसून उतरली होती, मग काय, लोकांची रांग लागली, तेव्हाही टुरिझम! आता तिथे सगळे फोटो काढत होते. आम्हीही काढले. बाबा म्हणाले लालबागला पण एकेक चिमणी ठेवलीय ना रे टॉवरच्या मध्ये. हो म्हटलं. तिथे कोण जातं फोटो काढायला, म्हणाले.

बोटॅलॅकला खनिज भाजायच्या भट्ट्या आणि त्यांना जोडलेले दगडी चक्रव्यूहासारखे बोळ आहेत. धूर त्यातून फिरवायचा, थंड झाला की भिंतीवर सोमल (आर्सेनिक, विष) धरायचा, तो माणसांनी खरवडून काढायचा. नाकात कापूस आणि अंगाला चिकणमाती, एवढंच संरक्षण. तिथे आम्ही डबा खाल्ला नाही, पुढे जाऊन खाल्ला.

डब्यात आईचे धपाटे आणि सेंट जस्टहून सकाळी घेतलेली पेस्टी. खऱ्या कॉर्निश पेस्टीत बीफ असतं (२०११पासून त्या नावाला युरोपात संरक्षण आहे, बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद, बाकी काही नाही), बाबांना चालत नाही म्हणून चीज-कांद्याची घेतली. त्यांनी आधी कड बघितली. "मुरड चांगली घातलीय. पण करंजी एवढी मोठी करतात?"

त्या दिवशी सगळ्यात छान काय होतं सांगू, तर केनिजॅकची दरी उतरून परत चढताना मी धापा टाकत होतो आणि बाबा नाही. ते हळू चालतात पण थांबत नाहीत. मी भराभर चालतो आणि थांबतो. चार वाजेपर्यंत आमचं अंतर सारखंच झालं.

केप कॉर्नवॉल साडेचारला. टेकाडावर एकच चिमणी उभी, खाणीची, १८६४ची, जहाजांना खूण म्हणून पाडली नाही. सर्वेक्षण नीट होईपर्यंत इंग्लंडचं पश्चिम टोक हेच समजायचे, मग कळलं की लँड्स एंड जरा पुढे आहे. केपचा पत्ता कट झाला. १९८७ला केचपवाल्या हाइन्झ कंपनीने ही जागा विकत घेऊन देशाला देऊन टाकली. समोर समुद्रात ब्रिसन्स नावाचे दोन खडक, बाजूने बघितलं तर कोणीतरी उताणं आंघोळीला पडल्यासारखं, ढेरी पाण्याबाहेर. बाबा म्हणाले आमचा मास्तर.

सेनन अजून सात-आठ किमी. ऊन होतं, उजेड सव्वानऊपर्यंत, मला जायचं होतं. बाबांनी नकाशा मागितला, चष्मा लावला, बोटाने मोजलं आणि म्हणाले, "तू जा. मी बसतो इथे, चांगला बाक आहे." तसं कसं जाणार? तेवढ्यात एक तांबड्या चोचीचा कावळा ओरडत गेला. हा चफ, कॉर्नवॉलचा मानाचा पक्षी, इथून नाहीसा झाला होता, २००१ला आपल्या आपण परत आला. मी उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले बघ, राहिलेलं परत येऊन करता येतं.

मग एक तडजोड. पुढच्या दरीपर्यंत, पोर्थ नानव्हेन. तिथला किनारा वाळूचा नाही, अंड्यांचा. खरंच, डायनॉसोरची अंडी म्हणतात, टोपलीएवढे गुळगुळीत गोल धोंडे. मागच्या कड्यात तसेच धोंडे मातीत रुतलेले दिसतात, एक लाखाहून जास्त वर्षांपूर्वी समुद्र वर होता तेव्हाचा तो किनारा. दगड उचलून न्यायला कायद्याने बंदी आहे. बाबांनी एक थोपटला आणि वाटाण्याएवढा चहा प्यायलो (फ्लास्कमध्ये तेवढाच उरला होता). तिथून कॉट व्हॅलीच्या वाटेने वर सेंट जस्ट. सातला खोलीवर. एकूण आठ-नऊ किमी किनाऱ्याचे आणि वर सकाळ-संध्याकाळचं धरून बारा. प्लॅन होता पंधराचा.

डेव्हनची_वहिनी

किती छान! आम्ही एक्सेटरला असतो. एक सूचना सगळ्यांसाठी, मे-जूनमध्ये वाटेवर ब्रॅकन (रानटी फर्न) वाढलेला असतो, त्यात गोचिडी. घरी आलं की पायांच्या मागे, कमरेला बघायचं. पूर्ण पँट घाला, मोज्यात खोचा, दिसायला दिसू दे बावळट. आणि वासरू असलेल्या गायींच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा. आपल्याला वाटतं गाय म्हणजे काय करणार.

कोकमसरबत

साप असतात का? (भीतीने विचारतेय)

डेव्हनची_वहिनी

अ‍ॅडर आहे, पाठीवर नागमोडी पट्टा. इथला एकच विषारी साप. उन्हात वाटेवर पडलेला असतो, पाय आपटत गेलं की जातो. नऊ वर्षांत मला दोनदा दिसला, दोन्ही वेळा नवरा आधी पळाला.

उनाड_मुशाफिर

माझे शब्द मागे घेतो, नीट विचार करून नेलं होतंत. फक्त एक जोडतो, कड्यावर काही झालं तर ९९९ लावून पोलीस नाही, कोस्टगार्ड मागायचं. मोबाइलची रेंज घळीत जाते, वर आलं की येते.

घाटवाट

आता माझं नेहमीचं रडगाणं. आपल्याकडे ७२० किमी किनारा आहे, मग रेवस ते तेरेखोल अशी सलग पायवाट का नाही? मी तुकडे केलेत. केळशी, उटंबर, आंजर्ले चाललोय, गुहागर ते वेळणेश्वर चाललोय. वाळूवर मस्त, पण डोंगराचं नाक आलं की कोणाची तरी आंब्याची बाग, चिऱ्याचा गडगा, कुत्रा. इंग्लंडमध्ये शेत खासगी असलं तरी त्यातून चालायचा हक्क सार्वजनिक, तो नकाशावर नोंदलेला, शेतकऱ्याने आडवी तार घातली तर तिथे पायरी किंवा फाटक ठेवावंच लागतं. वर २००९च्या कायद्याने पूर्ण इंग्लंडच्या किनाऱ्याला वाट द्यायचं ठरलं, आणि कडा ढासळला की वाट आपोआप आत सरकते. आपल्याकडे आधी सी-लिंक आणि मग पायवाट.

मालवणी_मासो

घाटवाट, पायवाट आसा रे, कोकणात सगळीकडे पायवाट आसा. बोर्ड नाय इतक्याच. आणि बोर्ड लागलो की मागसून रिसॉर्ट येता. आसा तसा ऱ्हवांदे.

घाटवाट

@मालवणी_मासो हे पण खरंय म्हणा.

सत्तरीतला_तरुण

खाड्यांचं काय करणार? आमच्या वेळी तरीने जायचो.

घाटवाट

काका, तर तिकडे पण आहे! पॅडस्टो-रॉक, फॉई-पॉलरुअन, फाल्मथ, सॅलकम, सगळीकडे होडीने पलीकडे. डेव्हनमध्ये अर्म नावाच्या नदीला तर होडीच नाही, भरती-ओहोटीचं टेबल बघून ओहोटीला बूट गळ्यात अडकवून पाण्यातून जायचं. आपल्याकडे वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड फेरी चालूच आहेत. म्हणजे खाडीची अडचण नाही, गडग्याची आहे.

शेवंती

बूट कुठले घेतले होते बाबांसाठी? आईला न्यायचं डोक्यात आहे, तिच्या पायाला भोवरी आहे.

गलबत

@शेवंती महागडे घोट्यापर्यंतचे घेतले होते, ते पेंडीनला माझ्या सॅकमध्ये आणि दिवसभर माझ्या पाठीवर. बाबांनी गावचे कॅनव्हासचे घातले. तुम्ही घेतलेत तर आठ दिवस आधी घरात वापरायला लावा, आणि तरी घालतील याची खात्री नाही. गीव्हर आणि केप कॉर्नवॉलला टॉयलेट आहे. सेंट जस्टहून पेंझन्सला बस आहे, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं टाइमटेबल वेगळं असतं ते आदल्या रात्री बघा, आम्हाला एकदा अर्धा तास उभं राहावं लागलं.

मालवणी_मासो

सगळा झाला, पण मुद्द्याचा रवला. मासो खाल्लास काय नाय थंयसर?

गलबत

वाटच बघत होतो कोण विचारतंय. दुसऱ्या दिवशी पेंझन्सहून न्यूलिनला गेलो, मोठं मासळीबंदर आहे. बाबांनी मॅकरेल हातात घेतला, कल्ला उघडून बघितला, डोळा बघितला, दुकानदार बिचारा बघतच राहिला. निकाल असा की हा बांगडा नव्हे, बांगड्याचा चुलता आहे, अंगावर वाघासारखे पट्टे, चरबी जास्त. चार घेतले, बर्फात घालून ट्रेनने चार तास ब्रिस्टल. सगळा डबा आमच्याकडे बघत होता. रात्री आईने तिखलं केलं, पण तिरफळं नव्हती.

मालवणी_मासो

तिरफळाशिवाय तिखला?? शिरा पडली त्या इंग्लंडार.

डेव्हनची_वहिनी

माझ्याकडे आहेत, गावाहून आणलेली, डबाभर. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, पोस्टाने पाठवते.